आंद्रेआस रीफ (१५५०–१६०३), बाझलचा रेशीम व्यापारी: व्यापार, रापेनचं बंड आणि काही शंका

जुनीवही

सोळाव्या शतकातल्या युरोपियन व्यापाऱ्यांवरच्या लेखमालेत एक प्रकरण आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या आंद्रेआस रीफवर आहे. आराखडा असा: जन्म १५५०, मृत्यू १६०३, दोन्ही बाझलमध्येच. घराणं कापडाच्या धंद्यातलं. १५७४ मध्ये मार्गारेटा ब्रुनर या व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न, आणि तिथून रेशमाच्या व्यापारात जम. पुढे शहराच्या कौन्सिलात. बाझलजवळच्या ऑग्स्ट गावातल्या रोमन अवशेषांचं उत्खनन. १५९४ मध्ये वाइनवरच्या एका रापेनच्या (तिथलं छोटं नाणं) वाढीव करावरून खेड्यांत पेटलेलं बंड रक्तपाताविना मिटवलं. शिवाय स्वतःचं चरित्र, प्रवास, नाणी, शहराचा कारभार यांवर भरपूर लिहून ठेवलं.

अडतं आहे ते इथे:

१) बाझल म्हटलं की रेशमी फिती आठवतात. मग रीफ फितींचा कारखानदार होता का? नेमका कोणता माल विकायचा?

२) तो विणकरांच्या गिल्डचा (धंद्यावर आधारलेल्या संघाचा) होता असं दिसतं. विणकरांच्या गिल्डमधला माणूस रेशीम कसा विकतो, आणि तिथून राज्यकारभारात कसा पोचतो?

३) एका रापेनसाठी तीन वर्षं बंड चाललं हे वाचकाला पटेल असं कसं मांडावं? रापेन म्हणजे किती, हे समजलं तर बरं.

४) नावाचा उच्चार रायफ की रीफ?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. लेखाला घाई नाही.

---

ताणाबाणा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. फितींचं चित्र आधी पुसून टाका, नाहीतर सगळं प्रकरण शंभर वर्षं पुढे सरकेल.

बाझलचे ते प्रसिद्ध फितीवाले शेठ, ज्यांना तिथे 'बेंडेलहेरेन' म्हणत, ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे. त्या धंद्याचं मूळ एका यंत्रात आहे. १६६० च्या दशकाच्या शेवटी एमानुएल हॉफमान या व्यापाऱ्याने हॉलंडमधून फितींचा नवा माग बाझलमध्ये आणवला. जुन्या मागावर कारागीर एका वेळी एकच फीत विणायचा: ताणा एक, धोटा एक. नव्या मागावर डझनभर किंवा जास्त फिती शेजारी शेजारी चढवलेल्या असत, प्रत्येकीचा ताणा वेगळा आणि छोटासा धोटाही वेगळा. पुढे एक आडवी दांडी. विणणारा ती दांडी पुढेमागे हलवतो आणि त्या एका हालचालीतून सगळे धोटे एकदम सरकतात, ठोकाही एकदम बसतो. विणण्याचं कसब दांडीत गेलं. माणसाकडे राहिलं लक्ष ठेवणं, कारण सोळातल्या एका फितीचा एक धागा तुटला तरी सोळाच्या सोळा थांबवाव्या लागतात.

गिल्डचे कारागीर अर्थातच या मागावर तुटून पडले. जर्मन साम्राज्यात १६८५ मध्ये बादशाही फर्मानाने तो बंदही झाला. पण बाझल १६४८ पासून साम्राज्याच्या अंमलाबाहेर होतं, आणि कौन्सिलमध्ये व्यापारीच बसलेले. म्हणून बाझलमध्ये माग टिकला आणि खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचला. या सगळ्याच्या निदान साठ वर्षं आधी रीफ वारला होता.

रीफच्या हयातीत बाझलमध्ये रेशीम विणलंच जात नव्हतं असं नाही. इटली, फ्रान्स, नेदरलंड्समधून धर्मासाठी परागंदा झालेले कारागीर गोंडे, काठ, फिती विणण्याची कला घेऊन त्या भागातल्या शहरांत येत होते. १५५५ मध्ये लोकार्नोच्या प्रोटेस्टंट कुटुंबांना गाव सोडावं लागलं आणि ती झुरिचला गेली. झुरिचच्या रेशीमधंद्याची सुरुवात तिथे धरतात. पण रीफ स्वतः देवाणघेवाण करणारा माणूस, माग चालवणारा नव्हे. कापड आणि रेशीम एका बाजूने घ्यायचं, जत्रांमध्ये दुसऱ्या बाजूला विकायचं. तुमच्या लेखात 'कारखानदार' शब्द नको. 'कापड-रेशमाचा व्यापारी' एवढंच लिहा.

आता माल. तेव्हा 'रेशीम' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू येत, आणि त्यांचे हिशोब वेगळे:

कच्चं रेशीम, म्हणजे कोशावरून उकललेला, खळ न काढलेला धागा. याला हात लावला की खरखरीत लागतो, चमक जवळजवळ नसते. कोशातला नैसर्गिक डिंक धाग्यावर तसाच असतो.

पीळ दिलेलं रेशीम. ताण्याला घट्ट पिळाचं, बाण्याला सैल पिळाचं. उत्तर इटलीत, विशेषतः बोलोन्याकडे, हे पीळ देण्याचे पाण्यावर चालणारे मोठे रहाट होते.

तिसरं म्हणजे तयार कापड: मखमल, साटीन, तफेता, शिवाय काठ, फिती, शिवायचं रेशीम.

कच्चं रेशीम घेताना व्यापारी दोन ठिकाणी फसतो. एक, डिंक. साबणाच्या पाण्यात उकळल्यावर डिंक निघून जातो आणि वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा त्याबरोबर जातो. शंभर पौंड घेतलं की रंगाऱ्याकडून पंचाहत्तर ते ऐंशीच परत येणार. हे गृहीत धरून भाव ठरवला तर ठीक, नाहीतर रंगाऱ्याशी भांडण ठरलेलं. दोन, दमटपणा. रेशीम हवेतलं पाणी पितं, आणि स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी पिऊनही हाताला ओलं लागत नाही. सरोवरावरच्या होडीतून आलेलं गाठोडं काट्यावर ठेवलं की घेणारा पाण्याचे पैसे रेशमाच्या भावाने मोजतो. आज कोरड्या वजनावर ११ टक्के ओल धरायची असा ठरलेला नियम आहे, आणि तपासणीची सरकारमान्य घरंही आहेत. रीफच्या काळात यातलं काही नव्हतं. विकणारा कोण आहे ते ओळखणं, आणि गाठोडं कोरड्या खोलीत पसरून दोन दिवसांनी पुन्हा तोलणं, एवढेच उपाय.

रीफला एवढं फिरावं का लागलं याचंही हेच उत्तर. रेशीम पत्रावर विकत घेता येत नाही. हाताने चाचपून घ्यावं लागतं.

---

खुर्दा

रापेनचा हिशोब मी देतो. तो मांडला की बंड आपोआप समजतं.

बाझलची हिशोबाची पद्धत अशी:

१ पौंड = २० शिलिंग = २४० फेनिग
१ रापेन = २ फेनिग
म्हणजे १ शिलिंग = ६ रापेन
१ गुल्डन = १ पौंड ५ शिलिंग = २५ शिलिंग = १५० रापेन
१ गुल्डन = १५ बात्सेन, म्हणून १ बात्सेन = १० रापेन

यातलं पौंड हे नाणं नाही, फक्त वहीतला आकडा आहे. तोलायचं पौंड पुन्हा वेगळं. मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते, तेव्हा लेखात एक ओळ घालाच.

आता कर्ज कुठून आलं. बाझलचा बिशप शहरातून कधीच बाहेर पडला होता, पण शहरावर आणि आसपासच्या काही मुलखावर त्याचे जुने हक्क कागदावर शिल्लक होते. याकोब क्रिस्टोफ ब्लारेर हा बिशप खमका निघाला. त्याने ते हक्क उकरून काढले. स्विस संघातल्या इतर कँटनांच्या (घटक राज्यांच्या) मध्यस्थीने १५८५ मध्ये बाडेनला तह झाला आणि शहराने बिशपला २,००,००० गुल्डन द्यायचे ठरले. त्या बदल्यात बिशपने शहरावरचे आणि लीस्टाल, वाल्डेनबुर्ग, होम्बुर्ग या भागांवरचे दावे सोडले.

२,००,००० गुल्डन म्हणजे अडीच लाख पौंड, म्हणजे तीन कोटी रापेन. कौन्सिलने वाइनवरचा कर वाढवला, दर मापाला एक रापेन. हे माप आजच्या दीड लिटरच्या आतबाहेरचं. म्हणजे केवळ या करातून ती रक्कम उभी करायची तर तीन कोटी मापं वाइन प्यायली जायला हवी. खेड्यातल्या माणसाला हा गुणाकार येत नसेल, पण हा कर आपल्या नातवापर्यंत संपणार नाही हे त्याला कळत होतं.

'एक रापेन' ऐकायला क्षुल्लक वाटतो. तो तसा नव्हता, आणि त्याचं कारण वसुलीच्या रीतीत आहे. असा कर पिणाऱ्याकडून थेट घेत नाहीत. गुत्तेवाल्याच्या पिंपाचं माप घेऊन त्याच्याकडून घेतात. मग त्याच्यापुढे दोनच वाटा: भाव वाढवायचा, किंवा भाव तोच ठेवून माप लहान करायचं. पहिल्यात गिऱ्हाईक रोज शिव्या घालतं. दुसऱ्यात रोज संशय घेतं. जमिनीचा सारा वर्षातून एकदा बोचतो, हा कर दर घोटाला बोचतो.

आणि खरा सल रकमेहून मोठा होता. ज्या तहासाठी पैसे द्यायचे, त्याच तहात बिर्सेक भागातल्या प्रोटेस्टंट झालेल्या गावांना शहराने बिशपच्या हवाली केलं आणि त्यांना पुन्हा कॅथलिक करायची मोकळीक त्याला मिळाली. शहराचं स्वातंत्र्य शहर विकत घेतंय आणि पैसे आम्ही का भरायचे, हा खेड्यांचा प्रश्न होता. मला तो रास्त वाटतो.

रीफच्या नाण्यांच्या नादाबद्दलही इथेच लिहितो, कारण लेखक मंडळी त्याला 'छंद' म्हणून एका ओळीत उरकतात. बाझल, फ्रायबुर्ग, कोलमार, ब्रायझाख आणि ऑस्ट्रियाचा तिथला मुलूख यांचा मिळून एक नाणेसंघ होता. रापेन एकाच कसाचा पाडायचा, हा करार. तो १४०३ पासून चालला आणि १५८४ मध्ये मोडला. म्हणजे रीफ ऐन धंद्यात असताना घरचं नाणंच बेभरवशाचं झालं. जत्रेत तर डुकाट, क्रोन, टालर, गुल्डन, बात्सेन सगळं एका टेबलावर यायचं. प्रत्येकाचं वजन, कस, कोणत्या टांकसाळीचं हलकं निघतं, कडा कातरल्या आहेत का, हे ज्याला येत नाही तो रेशमात कमावलेलं सराफाकडे घालवून बसतो. रीफने नाणी आणि खनिजांवर जे पुस्तक तयार केलं ते या गरजेतून उगवलं. छंद त्याच्या मागून आला.

---

बखरनवीस

दुसऱ्या प्रश्नाकडे.

बाझलच्या धाकट्या कौन्सिलची घडण कळली की रीफची वाट कळते. शहरात पंधरा गिल्ड होते. प्रत्येकाचे चार प्रतिनिधी, दोन सदस्य आणि दोन गिल्डप्रमुख. पंधरा चोक साठ. त्यावर चार 'मस्तकं': दोन महापौर आणि दोन वरिष्ठ गिल्डप्रमुख. एकूण चौसष्ट. यातले निम्मे 'नवं कौन्सिल' आणि निम्मे 'जुनं कौन्सिल', दरवर्षी जूनअखेर सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास पाळी बदलायची. रोजचं वजनदार काम तेरा जणांचं मंडळ करायचं: ती चार मस्तकं आणि आणखी नऊ.

म्हणजे गिल्डमध्ये असल्याशिवाय कारभारात पाय ठेवायला जागाच नाही. गिल्ड हा मतदारसंघ. तो धंद्याशी जुळलाच पाहिजे असं नव्हतं. बाझलमध्ये एकाहून जास्त गिल्डांचं सदस्यत्व घेता येई. फी भरून दुसऱ्या गिल्डमध्ये गेलात की त्या गिल्डच्या मालाचा व्यापार करायला मोकळे. राजकीय हक्क आणि चाकरी मात्र एकाच, मूळ गिल्डमधून. चावी (व्यापाऱ्यांचा), नाणेवाले, वाइनवाले आणि केशर (मसालेवाल्यांचा) हे चार श्रीमंत गिल्ड. तिथे इच्छुकांची रांग. विणकरांचा गिल्ड गरीब, त्यामुळे पैसा आणि मोकळा वेळ असलेला व्यापारी तिथे लवकर वर येतो. मोकळा वेळ महत्त्वाचा, कारण कौन्सिलच्या कामाचा मोबदला एवढा नसे की त्यावर घर चालावं. गरीब विणकराला माग सोडून आठ दिवस वकिलातीवर जाणं परवडत नव्हतं. हळूहळू विणकरांच्या गिल्डचं तोंड व्यापारी बनले, आणि हे केवळ विणकरांचं झालं नाही.

आता विल्डेनश्टाइन. बंड १५९१ ते १५९४ चाललं. १५९४ च्या मे महिन्यात कौन्सिलने रीफला थोडी शिबंदी देऊन बाहेर पाठवलं. विल्डेनश्टाइन किल्ल्यापाशी, बुबेनडोर्फ गावाजवळ, त्याची आणि जमलेल्या शेतकऱ्यांची गाठ पडली. शेतकऱ्यांचा म्होरक्या नीडरडोर्फचा हान्स सीग्रिस्ट. रीफच्या माणसांपेक्षा शेतकरी कितीतरी जास्त. त्याने हत्यार न उपसता बोलणं लावलं, आणि लोक कर मान्य करून घरी गेले. रक्त सांडलं नाही.

यात दोन गोष्टी लेखात यायलाच हव्यात.

एक: कर रद्द झाला नाही. 'मध्यस्थ' शब्दाने वाचकाला वाटतं दोन्हीकडचं थोडंथोडं ऐकलं गेलं. रीफ तटस्थ नव्हता. तो कौन्सिलचा माणूस होता आणि कौन्सिलचंच म्हणणं त्याने वठवलं. त्याचं श्रेय एवढंच, आणि ते लहान नाही, की ते कापाकापी न होता वठलं. १६५३ मध्ये पुन्हा शेतकरी उठले तेव्हा याच शहराने सात पुढाऱ्यांना देहदंड दिला, सहांचा शिरच्छेद आणि ओबरडोर्फच्या उली शाडला फाशी. ही तुलना दिलीत की १५९४ ची किंमत कळते.

दोन: त्या भेटीचा बारकावा आपल्याला कळतो तो मुख्यतः रीफच्याच लेखणीतून. त्याने बंडाचा वृत्तांत स्वतः लिहिला, आणि त्यात योग्य वेळी योग्य शब्द बोलणारा माणूस तोच आहे. म्हणून खोटा म्हणा असं नाही. पण त्याने काय भाषण केलं ते अवतरणचिन्हांत टाकू नका. 'रीफच्या म्हणण्याप्रमाणे' हे दोन शब्द प्रत्येक वेळी लावा.

---

ताणाबाणा

बखरनवीसांच्या मुद्द्याला एक नकाशा जोडतो. लेखात याची जागा नक्की आहे.

बाझलहून दक्षिणेला, गोथार्ड घाटाकडे आणि पुढे मिलानकडे जायचं तर आधी जुरा डोंगर ओलांडावा लागतो. त्यासाठी दोन खिंडी: वरचा हाउएनश्टाइन आणि खालचा हाउएनश्टाइन. बाझल सोडलं की दोन्ही वाटा लीस्टालपर्यंत एकच. लीस्टालला फाटा फुटतो. वरची वाट वाल्डेनबुर्गवरून, खालची झिसाखवरून होम्बुर्ग भागातून ओल्टेनकडे. मग लुत्सेर्न, तिथून सरोवरातून होडीने फ्ल्युएलेन, पुढे खेचरांवर गोथार्ड चढायचा.

आता खुर्दा यांनी वर दिलेली नावं पुन्हा वाचा: लीस्टाल, वाल्डेनबुर्ग, होम्बुर्ग. बंड नेमकं त्या रस्त्यावर बसलं होतं. खेचरांचे तांडे, जकातीची नाकी, पथिकांच्या खानावळी, सगळं तिथेच. रेशमाच्या व्यापाऱ्याला त्या खोऱ्यात सैन्य घुसवणं परवडणारं नव्हतं. एक उन्हाळा रस्ता बंद, की माल झुरिच किंवा शाफहाउझेनच्या बाजूने जायला लागतो आणि पुन्हा वळत नाही. रीफच्या मनात हेच होतं असा पुरावा मी देऊ शकत नाही, हा माझा अंदाज म्हणूनच घ्या. पण त्या गावांचे गुत्तेवाले आणि तांडेवाले व्यापाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचे असणार हे उघड आहे. ज्यांच्याशी वीस वर्षं भाड्यावरून घासाघीस केली त्यांच्याशी बोलणं लावणं, आणि कधी आवाज चढवायचा, कधी थांबायचं हे कळणं, यात फार अंतर नाही.

उत्तरेकडचं गणित वेगळं. श्ट्रासबुर्गच्या जत्रा वर्षातून दोन: सेंट जॉनच्या सुमाराला आणि नाताळला. फ्रांकफुर्टच्या दोन: ईस्टरआधी आणि शरदात. त्सुर्त्साखच्या दोन: पेंटेकॉस्टला आणि १ सप्टेंबरला संत वेरेनाच्या नावाने. आणि घरची बाझलची, सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने १४७१ मध्ये दिलेली, ऑक्टोबरअखेरची. सात जत्रा. शिवाय हुंड्यांची मुदत बहुधा 'पुढच्या फ्रांकफुर्टला' अशी असे, म्हणजे एक जत्रा चुकली तर सहा महिन्यांची उधारी अडकते आणि तुमच्याकडे बोटं रोखली जातात.

खाली जाताना माल ऱ्हाइनमधून. प्रवाह जोराचा. २० जून १५७६ ला झुरिचच्या काही मंडळींनी लिम्माट, आर आणि ऱ्हाइनमधून एका दिवसात श्ट्रासबुर्ग गाठलं. सोबत शिजवलेल्या भगरीसारख्या धान्याचा हंडा होता आणि तो पोचेपर्यंत गरम राहिला होता. हे अर्थात पैज मारून केलेलं. मालवाहू होडीला जास्त वेळ लागे आणि वाळूचे दांडे सारखे जागा बदलत, म्हणून बाझलच्या नावाड्यांचा वाटाड्या घेतल्याशिवाय कोणी जात नसे. परतीला प्रवाहाविरुद्ध होडी ओढत आणणं परवडायचं नाही. ती तिकडेच लाकडाच्या भावात विकून माणसं घोड्यावरून परत. श्ट्रासबुर्ग ते बाझल खोगिरावर तीन दिवस धरा, फ्रांकफुर्टहून आठवडा. रीफच्या प्रवासाच्या वहीत खोगीर एवढं ठळक का, ते यावरून कळेल.

---

जुनीवही

मनापासून आभार. फितींचा परिच्छेद काढून टाकला. रस्त्याचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.

दोन गोष्टी राहिल्या: नावाचा उच्चार, आणि ऑग्स्टचं उत्खनन. त्याला 'पहिला पुरातत्त्वज्ञ' म्हणावं का? आणि तारखा देताना काही काळजी?

---

उंबरठा

उच्चार रीफ. त्याच्या नावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये वाय आहे, आणि जुन्या आलेमानिक (त्या भागातल्या जर्मन बोलीच्या) लिखाणात वाय हे अक्षर दीर्घ ईसाठी वापरत. 'श्वीत्स' कँटनच्या नावात तेच आहे. 'रायफ' हा आजच्या जर्मनच्या सवयीने केलेला उच्चार. गावाचं नाव बाझल किंवा बाझेल लिहा. 'बासेल' मराठीत रूढ आहे, तेही चालेल, पण एकच धरा.

रीफ आडनावाची निदान चार माणसं एकमेकांत मिसळतात. फ्रिडोलिन रीफ, आधीच्या पिढीचा, विणकर आणि बाझलच्या धर्मसुधारणेची बखर लिहिणारा. पेटर रीफ, आंद्रेआसच्याच वयाचा, डॉक्टर आणि गणिताचा प्राध्यापक, हाही बखरकार. वाल्टर हेर्मान रीफ, श्ट्रासबुर्गकडचा वैद्य आणि ग्रंथकार, हा आंद्रेआस जन्मण्याआधीच वारला. नुसतं 'रीफची बखर' असं कुठे दिसलं तर थांबा आणि कोणता रीफ ते पाहा.

तारखांचा घोळ १५८२ नंतर सुरू होतो. पोपने नवं पंचांग आणलं. कॅथलिक कँटनांनी आणि बिशपच्या मुलखाने ते दोन वर्षांत घेतलं. बाझल प्रोटेस्टंट, त्याने ते १७०१ पर्यंत घेतलं नाही. फरक दहा दिवसांचा. म्हणजे बाडेनच्या तहासारख्या कामात एकाच दिवसाला दोन्ही बाजू वेगळी तारीख लिहीत होत्या. रीफच्या कागदांतल्या तारखा जुन्या पंचांगाच्या समजा. 'मे १५९४' असा महिना दिलात तर सहसा निभावतं. दिवस द्यायचा असेल तर जुनं पंचांग असं लिहाच. तारीख स्वतः बदलून देऊ नका, पुढचा वाचक पुन्हा दहा दिवस मिळवतो.

---

बखरनवीस

ऑग्स्टबद्दल. बाझलच्या पूर्वेला, ऱ्हाइनकाठी, रोमन वसाहत आउगुस्टा राउरिका. स्थापना इसवी सनापूर्वी ४४, लुसियस मुनातियस प्लांकसच्या हातून. सोळाव्या शतकात तिथल्या मोठ्या पडीक बांधकामाला लोक 'नऊ बुरूज' म्हणत. रीफच्या देखरेखीखाली १५८२ ते १५८५ तिथे खणलं गेलं. नंतर १५८८ ते १५९० बाझिलियस आमेरबाख या कायद्याच्या प्राध्यापकाने त्याच जागेची मापं घेऊन आराखडे काढले आणि हे नाट्यगृह आहे हे ओळखलं.

तेव्हा 'पहिला पुरातत्त्वज्ञ' ही पदवी द्यायचीच तर आमेरबाखची बाजू जास्त भक्कम आहे. रीफने माती हलवली, माणसं लावली, खर्च सांभाळला. आमेरबाखने मोजलं आणि अर्थ लावला. मोजल्याशिवाय खणलेलं कायमचं जातं, कारण बुरुजाचा दगड उपसला की तो कोणत्या थरात होता हे पुन्हा कळत नाही. तरी आमेरबाखला मोजायला काही उघडं मिळालं ते रीफमुळे. दोघांना एकाच वाक्यात ठेवा.

रीफच्या हस्तलिखितांबद्दल लिहिताना १५९७ सालची दोन वेगळी ठेवा. एक बाझलच्या कारभाराची रचना सांगणारं, ज्यातून गिल्ड आणि कौन्सिल यांची घडण समजते. दुसरं संघातल्या कँटनांचं, ढाली आणि चित्रांसकट. हे दुसरं आज फ्रान्समधल्या म्युलूझला आहे. म्युलूझ तेव्हा स्विस संघाचं सहयोगी शहर होतं, त्यामुळे ते तिकडे असणं वाटतं तितकं विचित्र नाही.

---

जुनीवही

प्रकरणाची पहिली दोन वाक्यं अशी केली आहेत, बघून सांगा:

"आंद्रेआस रीफ हा स्वित्झर्लंडचा नागरिक. कापड आणि रेशीम यांचा व्यापार करत तो विणकरांच्या गिल्डमधून बाझलच्या कौन्सिलमध्ये पोचला, आणि १५९४ मध्ये शहराने वाइनवर लावलेला कर त्याने खेड्यांकडून रक्तपाताशिवाय मान्य करवून घेतला."

---

उंबरठा

दुसरं वाक्य छान. पहिल्यात 'स्वित्झर्लंडचा नागरिक' नको. तेव्हा तसं नागरिकत्व नव्हतं. तेरा कँटनांचा संघ होता, बाझल त्यात १५०१ मध्ये आलं, आणि नागरिकत्व शहराचं असे. 'बाझलचा नागरिक' लिहा. बंड करणारे शेतकरी मात्र बाझलचे नागरिक नव्हते, शहराची प्रजा होते. हा फरक पहिल्याच परिच्छेदात आला तर पुढचा रापेन वाचकाला नीट कळेल.

---

खुर्दा

आणि "वाइनवर लावलेला कर" ऐवजी "वाइनवर वाढवलेला कर" करा. वाइनवर कर आधीपासून होता. भांडण वाढीव रापेनचं होतं.